गेम अर्धवट सोडायला लावणारे बारीकसारीक त्रास

प्रश्न : उत्तररात्र

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडतो आहे. माझ्याकडे अर्धवट सोडलेल्या गेमची भलीमोठी यादी आहे. मध्यंतरी ती चाळताना लक्षात आले की त्यांतले फारच थोडे गेम मी अवघड वाटले म्हणून सोडले आहेत. कथा रटाळ वाटली म्हणून सोडलेलेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. बाकीच्या गेमची चित्रे देखणी होती, संगीत उत्तम होते, खेळाचा मूळ गाभा मला मनापासून आवडलेला होता, आणि तरीही कुठल्यातरी क्षुल्लक गोष्टीने इतके डोके उठवले की एकदा बंद केल्यावर ते पुन्हा उघडावेसे वाटले नाहीत.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. एका गेममध्ये शेवटाकडे एक बॉस, म्हणजे सर्वांत तगडा शत्रू, आहे आणि त्याच्याकडून हरल्यावर आपण थेट तळघरातल्या चेकपॉइंटवर, म्हणजे खेळ पुन्हा जिथून सुरू होतो त्या जागी, येतो. तिथून जिना चढायचा, लिफ्टची कळ ओढून ती खाली येईपर्यंत उभे राहायचे, मग एक लांबलचक पूल ओलांडायचा आणि पुलाच्या टोकाला असलेला दरवाजा ढकलण्याचे ॲनिमेशन दर वेळी पूर्ण पाहायचे. एवढे करून आत गेलो की बॉस आपले भाषण सुरू करतो आणि कोणतेही बटण दाबले तरी ते थांबत नाही. लढाईबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्याचा डावा खांदा खाली झुकला की वार उजवीकडून येतो, तो दोन पावले मागे सरला की उडी मारणार हे ओळखायचे, असे प्रत्येक पराभवातून काहीतरी नवे कळत होते. मात्र जे कळले ते वापरून पाहायला मिळण्याआधी जिना, लिफ्ट, पूल, दरवाजा आणि भाषण ही सगळी वारी नव्याने करावी लागत असे. मला रात्री घरातले सगळे झोपल्यावर जेमतेम तासभर मिळतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ या वारीत जात होता.

याच्या उलट, 'सेलेस्ट' हा २०१८ सालचा गेम कितीतरी जास्त निर्दय आहे. त्यात मरण पावलांगणिक येते, पण मेल्यावर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आपण त्याच पडद्यावर पुन्हा उभे असतो आणि त्यामुळे चिडण्याला वेळच मिळत नाही.

हा त्रास केवळ माझ्या वयाचा किंवा वेळेच्या चणचणीचा नाही, असे मला वाटते. 'द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' या १९९८ सालच्या गेममधले पाण्याचे मंदिर जगभर बदनाम आहे. तिथे तळाशी जायचे तर लोखंडी बूट घालावे लागतात आणि वर तरंगायचे तर ते काढावे लागतात. मूळ गेममध्ये त्यासाठी प्रत्येक वेळी खेळ थांबवायचा, मेनू उघडायचा, सामानाच्या पानावर जायचे, बूट निवडायचे आणि मेनू बंद करायचा, हा सोपस्कार करावा लागे. २०११ साली निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी हाच गेम नव्याने काढला तेव्हा ते बूट इतर वस्तूंप्रमाणे थेट बटणावर ठेवता येऊ लागले आणि पाण्याची पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेषाही भिंतींवर आल्या. मंदिराची रचना आणि त्यातली कोडी जवळपास तीच राहिली, तरी त्याची दहशत बरीच ओसरली. याचा अर्थ लोक तेरा वर्षे ज्याला मंदिराचा अवघडपणा म्हणत होते, त्यातला मोठा वाटा त्या बुटांचा होता.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, असे त्रास बनवणाऱ्यांच्या नजरेतून निसटतात तरी कसे? ते हेतुपुरस्सर ठेवलेले असतात का? आणि खेळाचा भाग असलेले कष्ट व निव्वळ ताप यांतला फरक ओळखायचा कसा? तुम्ही स्वतः कोणत्या क्षुल्लक कारणाने एखादा चांगला गेम सोडलात, तेही अवश्य लिहा.

प्रतिसाद १ : तपासनीस

धागा आवडला. मी पुण्यात गेम तपासण्याचेच काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आतल्या बाजूने देण्याचा प्रयत्न करतो.

हे त्रास नजरेतून निसटतात असे सहसा घडत नाही. बहुतेक वेळा कोणीतरी ते लिहून ठेवलेले असतात. तपासताना सापडलेली प्रत्येक गोष्ट नोंदवली जाते आणि तिला तातडीचा दर्जा दिला जातो. गेम बंद पडत असेल तर ते सर्वांत वर, साठवून ठेवलेला खेळ (सेव्ह) खराब होत असेल किंवा पुढे जाण्याचा मार्गच अडत असेल तर ते त्याच्या खाली, आणि 'दरवाजा उघडायला फार वेळ लागतो' यासारखी नोंद अगदी तळाला जाते. रिलीजची तारीख जवळ येते तशी वरची यादीच संपता संपत नाही आणि तळाची नोंद जशीच्या तशी पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे तपासायला येणाऱ्या पुढच्या आवृत्तीत, ढकलली जाते. एका दरवाजाचे ते काही सेकंद पाहून तिला वरचा दर्जा द्यावा असे कोणालाच वाटत नाही, कारण नोंदीत एकदा उघडलेला दरवाजा दिसतो. तो खेळाडूला किती वेळा उघडावा लागणार आहे ते तिथे लिहिलेले नसते.

दुसरे कारण असे की, बनवणारे स्वतः त्या वाटेने फारसे चालत नाहीत. बॉसच्या लढाईवर काम करणारा माणूस फक्त बनवणाऱ्यांसाठी असलेल्या डिबग मेनूतून थेट बॉसच्या समोर जाऊन उभा राहतो, भाषण गाळतो आणि हरला की एका कळीसरशी पुन्हा तिथेच येतो. दिवसभर तेच करणाऱ्याला तसे करावेच लागते, यात आळशीपणा नाही. मात्र त्यामुळे तुमचा जिना, लिफ्ट आणि पूल त्याच्या अनुभवातून पार वगळला जातो. शिवाय हे भाग वेगवेगळ्या माणसांचे असतात. लिफ्ट एकाची, दरवाजाचे ॲनिमेशन दुसऱ्याचे, भाषण तिसऱ्याचे. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी चोख असते आणि ते सगळे एकापाठोपाठ आल्यावर काय होते, याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेले नसते.

काही वेळा तांत्रिक अडचण खरोखरच असते. गाळता न येणारे दृश्य किंवा सावकाश वर जाणारी लिफ्ट यांच्या आड पुढचा भाग डिस्कवरून वाचला जात असतो. २०१८ सालच्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये कॅमेरा कुठेही तोडायचा नाही असे ठरवलेले असल्यामुळे लोडिंगचा पडदा दाखवण्याची सोय नव्हती, म्हणून नायकाला कपारींतून अंग चोरून सरकायला लावून तो वेळ काढलेला आहे. जुन्या हार्ड डिस्कवर याला फारसा पर्याय नव्हता. एसएसडी, म्हणजे कितीतरी वेगवान साठवण, असलेले कन्सोल (टीव्हीला जोडायची गेमची यंत्रे) २०२० च्या अखेरीस आल्यापासून ही सबब बरीच लंगडी झाली आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो : लोडिंग चालू असताना छोटा गेम खेळायला देण्याच्या कल्पनेवर नाम्को कंपनीचे अमेरिकेत पेटंट होते. त्याचा अर्ज १९९५ साली केलेला होता आणि ते २०१५ साली संपले. म्हणजे ज्या काळात लोडिंग सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणे होते, नेमक्या त्याच काळात ते सुसह्य करण्याचा हा एक मार्ग इतरांसाठी अडलेला होता.

परंतु ज्या उदाहरणाने मी आजही अस्वस्थ होतो ते 'जीटीए ऑनलाइन'चे आहे. हा गेम २०१३ साली सुरू झाला आणि पीसीवर तो उघडायला कित्येक मिनिटे लागतात ही गोष्ट लोकांनी नशीब म्हणून स्वीकारली होती. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर कंपनीबाहेरच्या एका खेळाडूने, प्रोग्रामचा मूळ मजकूर (सोर्स कोड) हाती नसताना, या विलंबाचे कारण शोधून जाहीर केले. गेम सुरू होताना विकत घेण्याजोग्या वस्तूंची सुमारे १० मेगाबाइटची एक यादी वाचली जात होती आणि तीत सुमारे ६३,००० नोंदी होत्या. त्यातला प्रत्येक बारीक आकडा किंवा शब्द वाचताना प्रोग्राम उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजत होता. त्यानंतर प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहिली जात होती, म्हणजे एकूण जवळजवळ दोन अब्ज तुलना होत होत्या, आणि त्या यादीत एकही नोंद दुबार येणार नाही हे आधीच ठाऊक असताना होत होत्या. या दोन गोष्टी दुरुस्त केल्यावर त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचे लोडिंग दोन मिनिटांच्या आत आले. कंपनीने हे मान्य केले, मार्चमध्ये दुरुस्ती सर्वांना दिली आणि त्या खेळाडूला १०,००० डॉलरचे बक्षीसही दिले.

यादी जेव्हा लहान असते तेव्हा अशी पद्धत खपून जाते. नोंदी दुप्पट झाल्या की तुलना चौपट होतात, आणि ही वाढ वर्षानुवर्षे थोडी थोडी होत असेल तर कोणत्याही एका दिवशी 'काल ठीक होते, आज बिघडले' असे म्हणण्याजोगे काही घडत नाही. तपासनीस म्हणून सांगतो, अशी हळूहळू वाढणारी दिरंगाई पकडणे सर्वांत कठीण असते.

प्रतिसाद २ : चष्मेवाली

वरील प्रतिसाद फार माहितीपूर्ण आहे. मी मात्र आणखी साध्या गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते, ती म्हणजे अक्षरांचा आकार.

आमच्याकडे टीव्ही हॉलच्या एका भिंतीला आहे आणि सोफा समोरच्या भिंतीला. अशा अंतरावरून आजकालच्या अनेक गेममधली अक्षरे मुंगीएवढी दिसतात. बनवणारे बहुधा टेबलावरच्या मॉनिटरसमोर हातभर अंतरावर बसून काम करत असावेत, त्यामुळे त्यांना ती ठसठशीत दिसतात. हे दुखणे जुने आहे. २००६ साली 'डेड रायझिंग' आला तेव्हा नव्या एचडी टीव्हीवर ठीक दिसणारा मजकूर जुन्या टीव्हीवर वाचताच येत नाही, अशी तक्रार सार्वत्रिक झाली होती, आणि त्या काळात बहुसंख्य घरांत जुनेच टीव्ही होते. मी स्वतः एक नावाजलेला गेम याच कारणाने सोडला. त्यात प्रत्येक औषधाची कृती वाचून ठरवायची असते आणि दर वेळी सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहायचे मला जमेना. सेटिंगमध्ये अक्षरे मोठी करण्याची सोयच नव्हती.

दुसरी गोष्ट सबटायटलची. कितीतरी गेम सुरू होताच दृश्य आणि संवाद सुरू करतात आणि सबटायटल चालू करण्याचा मेनू त्यानंतर उघडू देतात. आमच्या घरी पंखा पाचवर असतो, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात आणि पडद्यावरचा माणूस स्कॉटिश नाहीतर टेक्सासच्या ढंगाची इंग्रजी बोलत असतो. मग कथेची सुरुवातच हातून निसटते. हा केवळ आपल्याकडचा प्रश्न नाही. युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीने २०१९ साली दिलेल्या माहितीनुसार 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'मध्ये सबटायटल मुळात बंद होती, तरी सुमारे ६० टक्के खेळाडूंनी ती मुद्दाम शोधून चालू केली. पुढच्या 'ओडिसी'मध्ये ती मुळातच चालू ठेवली, तर सुमारे ९५ टक्के खेळाडूंनी ती तशीच राहू दिली. एवढे स्पष्ट आकडे समोर असताना आजही सबटायटल बंद अवस्थेत देणारे गेम निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांना हे सुधारायचे असते ते सुधारतात. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अशा सोयींच्या साठाहून अधिक सेटिंग दिल्या होत्या. अक्षरे मोठी करता येत होती, आणि एकच बटण भराभर दाबत राहण्याऐवजी ते नुसते दाबून धरण्याचीही सोय होती. माझ्या मनगटाला या शेवटच्या सोयीचे मोल फार आहे. दरवाजा जोर लावून उघडतो आहोत हे दाखवायला एकच बटण पंचवीस-तीस वेळा दाबायला लावणे, यात खेळ कुठला आणि कौशल्य कुठले?

प्रतिसाद ३ : घाटवाट

मी थोडा वेगळा सूर लावतो. वरच्या तिन्ही लेखनाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण 'त्रास काढून टाका' हे म्हणणे सरसकट लावले तर जे गेम मला सर्वांत प्रिय आहेत तेच गुळगुळीत होऊन जातील, अशी मला भीती वाटते.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या २०१७ सालच्या गेमबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. शस्त्रे मोडतात आणि पावसात कड्यावर चढताना पाय घसरतो. या दोन्ही गोष्टींचा मलाही वैताग आला आहे. परंतु शस्त्र मोडते म्हणूनच मी तिथे शत्रूच्या हातची गदा हिसकावून घेतो, वरून दगड लोटतो, गवत पेटवतो. मोडणारच नाही अशी एक तलवार मिळाली असती तर मी सगळा गेम तिनेच संपवला असता. पावसाचेही तेच आहे. सह्याद्रीत भर पावसाळ्यात भटकलेल्या माणसाला ओल्या कातळावर चढायचे नसते हे कोणी शिकवावे लागत नाही. तो आडोशाला थांबतो किंवा वळसा घालून दुसरी वाट शोधतो, आणि तो गेमही नेमके तेच करायला लावतो. २०२३ सालच्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये पाऊस तसाच ठेवला आहे. घसरणे कमी करणारा पोशाख मात्र त्यात मेहनतीने मिळवता येतो. मला हा तोडगा फार समंजस वाटला, कारण अडचण शाबूत राहते आणि तिच्यावरचा उपाय खेळाडूच्या हाती येतो.

'डेथ स्ट्रँडिंग' हा २०१९ सालचा गेम तर ओझे वाहण्यावरच उभा आहे. इतर गेममध्ये ज्याला आपण सामानाच्या वजनाची कटकट म्हणतो, तीच येथे खेळाचा विषय आहे. पाठीवरचा भार एका बाजूला कलला की तोल सावरायचा, नदी कुठे उथळ आहे ते पाहून उतरायचे, शिडी आत्ता वापरायची की पुढच्या कड्यासाठी राखायची ते ठरवायचे.

फरक ओळखण्याची माझी कसोटी अशी आहे : ती गोष्ट वारंवार करताना प्रत्येक वेळी मला काही ठरवावे लागते का? १९९६ सालच्या 'रेझिडेंट ईव्हिल'मध्ये सेव्ह करायला टाइपरायटरची शाईची रिबन लागते आणि रिबनी मोजक्याच मिळतात. ही सक्ती जाचक आहे, पण प्रत्येक रिबन वापरताना मनाशी हिशेब करावा लागतो आणि पुढच्या खोलीत पाऊल टाकण्याची भीती त्या हिशेबातूनच येते. लोखंडी बुटांच्या बाबतीत मेनूत काहीही ठरवायचे नसते. तळाशी जायचे की वर यायचे, हा निर्णय मेनू उघडण्याआधीच झालेला असतो आणि उरलेली नुसती हमाली असते.

धागाकर्त्यांच्या पुलालाही हीच कसोटी लावता येईल. 'डार्क सोल्स'मध्ये बॉसपर्यंतची वाट शत्रूंनी भरलेली असते. कोणाशी लढायचे, कोणाला चुकवायचे, बाटलीतले औषध किती राखायचे, हे पहिल्या काही खेपांना ठरवावे लागते. पण पुढे तीही वाट पाठ होते आणि निर्णय संपून निव्वळ धावणे उरते. 'डार्क सोल्स' बनवणाऱ्या त्याच फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने २०२२ साली 'एल्डन रिंग' काढताना अनेक अवघड बॉसच्या जवळ 'स्टेक ऑफ मारिका' नावाचे दगडी खांब रोवले, जिथून मेल्यावर पुन्हा उठता येते. तोवर मिळवलेले रून्स, म्हणजे शत्रूंना मारून मिळणारे चलन, मेल्यावर मागे सांडण्याची टांगती तलवार त्यांनी काढली नाही आणि बॉसही मवाळ केले नाहीत. वगळली ती फक्त पाठ झालेली वाट. कठोरपणाबद्दल ज्यांची ख्याती आहे त्यांनीच हा फरक ओळखून असा बदल केला, याला मी फार महत्त्व देतो.

प्रतिसाद ४ : डेली_अपडाऊन

मी पुणे-मुंबई रोज ये-जा करणारा आहे आणि माझे खेळणे बहुतेक गाडीतच होते, म्हणून मोबाइलबद्दल लिहितो. येथे 'त्रास हेतुपुरस्सर असतात का' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे आणि त्यात लपवाछपवीही फारशी नाही. 'कँडी क्रश सागा' २०१२ साली आला. त्यात पाच जीव मिळतात आणि ते संपले की एक जीव भरायला अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे किंवा मित्रांकडे मागायचे. थांबण्याचा कंटाळा हाच तिथे विकण्याचा माल असतो. 'घाटवाट' यांची कसोटी येथे लावली तर एक निर्णय घ्यावा लागतो हे खरे, पण तो खिशात हात घालायचा की नाही एवढाच असतो.

त्याहून बारीक त्रास सांगायचे तर, गेम उघडताच एकापाठोपाठ उघडणाऱ्या ऑफरच्या खिडक्या, प्रत्येक चिन्हावर डकवलेला लाल ठिपका, आणि जाहिरातीच्या कोपऱ्यातली ती इवलीशी फुली, जी गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबायला गेले की हमखास जाहिरातच उघडते.

पण मला गेम कायमचा काढून टाकायला लावणारी गोष्ट वेगळी होती. खंडाळ्यावरून कर्जतकडे उतरताना एकामागून एक बोगदे लागतात आणि प्रत्येक बोगद्यात नेटवर्क जाते. मी खेळत होतो तो गेम एकट्याने खेळायचा, त्यात समोर दुसरा खेळाडू नसे, तरीही नेटवर्क गेल्याबरोबर तो खेळ तोडून पहिल्या पडद्यावर नेऊन सोडत असे आणि चालू असलेला डाव वाया जात असे. एकट्याच्या खेळाला सतत सर्व्हर कशाला हवा, याचे पटेल असे उत्तर मला मिळालेले नाही. मोठ्या गेमच्या बाबतीतही हे घडलेले आहे. २०१२ च्या मे महिन्यात 'डायब्लो ३' निघाला त्या दिवशी एकट्याने खेळू पाहणाऱ्यांनाही सर्व्हर व्यस्त असल्याचे सांगणाऱ्या 'एरर ३७' शिवाय काही दिसले नाही. २०१३ सालच्या 'सिमसिटी'चे तेच झाले, आणि ऑफलाइन खेळण्याची सोय पुढच्या वर्षी मार्चमध्ये देण्यात आली. २०२२ च्या मार्चमध्ये 'ग्रॅन टुरिस्मो ७'चे सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद होते, तेव्हा विकत घेतलेल्या गेमचा एकट्याने खेळायचा बहुतेक भागही कुलूपबंद झाला होता. अशा घटनांना क्षुल्लक म्हणवत नाही, पण बोगद्यात रोज होणारा त्रास त्याच मुळातून येतो.

उत्तररात्र (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'घाटवाट' यांची कसोटी मला पूर्णपणे पटली आणि तिच्या आधारे माझी जुनी यादी पुन्हा पाहतो आहे. जपानी आरपीजींमधल्या, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममधल्या, पावलापावलावर अडवणाऱ्या लढायांचा मला जो तिटकारा आहे, त्याचेही कारण हेच असावे; सुरुवातीच्या लढायांत विचार करावा लागतो आणि नंतर फक्त 'अटॅक' दाबत राहायचे. 'ब्रेव्हली डिफॉल्ट'मध्ये अशा लढाया किती वेळा याव्यात हे खेळाडूलाच ठरवता येत असे, अगदी शून्यावरही नेता येत असे, आणि तो मी विनासायास शेवटपर्यंत खेळलो.

'तपासनीस' यांना एक शेवटचे विचारतो. गेम बाजारात आल्यावर आमच्यासारख्यांनी हे त्रास कळवले तर त्याचा खरोखर उपयोग होतो का, की तेही त्या यादीच्या तळाशीच जातात?

प्रतिसाद ५ : तपासनीस

उपयोग होतो, मात्र कसे कळवले यावर बरेच अवलंबून असते. 'द विचर ३' २०१५ च्या मे महिन्यात आला तेव्हा नायकाची चाल जड वाटते, औषधी वनस्पती आणि धातूंच्या वजनाने पिशवी सतत भरते आणि जास्तीचे सामान ठेवायला जागा नाही, अशा तक्रारी लोकांनी मोठ्या संख्येने केल्या. जुलैमधल्या १.०७ क्रमांकाच्या पॅचमध्ये, म्हणजे नंतर दिलेल्या दुरुस्तीत, चालण्याची पर्यायी पद्धत आली, कृतीसाठी लागणाऱ्या वस्तूंचे वजन काढून टाकले गेले आणि सामान ठेवण्यासाठी पेटीही मिळाली. म्हणजे दोन महिन्यांत तीन दुखणी दूर झाली.

'गेम भिकार आहे' किंवा 'डेव्हलपर झोपले आहेत का' असे लिहिलेले आम्हाला कोणत्याच नोंदीत बसवता येत नाही. त्याऐवजी जागा कोणती, तिथे पोहोचायला आणि त्यातून बाहेर पडायला किती सेकंद लागतात, आणि साधारण खेळाडूला ते किती वेळा करावे लागते, हे तीन तपशील लिहा. मी वर म्हटले तसे, किती वेळा करावे लागते हाच आकडा आमच्या नोंदीत नसतो आणि तो फक्त तुमच्याकडे असतो. शक्य असेल तर ती वारी एकदा सलग रेकॉर्ड करून जोडा. उत्तररात्र यांनी जिन्यापासून भाषणाच्या शेवटापर्यंतचा एक न कापलेला व्हिडिओ पाठवला, तर नोंद तपासणाऱ्यालाही तो पूर्ण पाहावा लागेल आणि बैठकीत तो लावला की लिफ्टवाला, दरवाजावाला आणि भाषणवाला असे तिघेही एकाच वेळी तो पाहतील. चष्मेवाली यांनी टीव्हीपासून सोफ्याचे अंतर आणि टीव्हीचा आकार अवश्य लिहावा, कारण अक्षरांबद्दलच्या तक्रारीत हे दोन आकडे नसले तर आमच्याकडे कोणीतरी आपल्या मॉनिटरवर पाहून 'मला तर नीट दिसते' असे लिहून ती नोंद बंद करतो.